विमानाची खांदेमळण

लहान विमानाचं चाक पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला कुणीतरी फसवल्यासारखं वाटलं होतं. एवढंसंच? स्कूटरच्या चाकाचा थोरला भाऊ म्हणावा, इतकंच ते. हे चाक माणसं आणि टाकीभर इंधन घेऊन वरून येणार, जमिनीला टेकेपर्यंत स्वस्थ लटकलेलं असणार आणि टेकताक्षणी गरगरा फिरायला लागणार. एसटीच्या चाकाला निदान सावकाश सुरुवात करता येते, याला तेवढीही सवलत नाही. तेव्हापासून मला इंजिनापेक्षा चाकांचंच कुतूहल जास्त. माझ्या धंद्यातले लोक त्यावरून माझी चेष्टा करतात. करू देत.

मी पिंगळीचा. आम्ही बौद्ध, वडील कचेरीत कारकून, दारात बैल कधीच नव्हते. विमानांच्या देखभालीचं काम बाहेरगावी शिकलो, बरीच वर्षं नोकरी केली आणि आता गावी राहून दोन-चार छोट्या विमानांची कामं बघतो. त्यातलं एक झरीच्या पुढं, एका डॉक्टरांच्या शेतात असतं. डॉक्टर परभणीत दवाखाना चालवतात आणि स्वतः विमान उडवतात. विमान घेतलं तेव्हा साऱ्या पंचक्रोशीनं त्यांना वेड्यात काढलं होतं. वडिलोपार्जित काळ्या रानात मुरूम दाबून त्यांनी धावपट्टी केली. तिच्या एका टोकाला पत्र्याचं शेड, दुसऱ्या टोकाला कालवा. शेडच्या बाजूला जुना आखाडा, म्हणजे शेतातलं घर आणि गुरं बांधायची जागा. गुरं आता नाहीत.

तिथं मामा राहतात. पालमकडचे. डॉक्टरांच्या वडिलांच्या वेळेपासून सालगडी. सगळी जिंदगी बैलांमागं गेली. ट्रॅक्टर आला, मग बैलांना काम उरलं नाही आणि डॉक्टरांनी शेवटची जोडी विकून टाकली. मामांना विमानाची राखण दिली. राखण म्हणजे बसून राहणं, आणि बसून राहणं हे काम मामांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

मी गेलो की ते शेजारी उकिडवे बसत आणि प्रश्न विचारत. मलाही आवडायचं, कारण माझ्या घरात चाकांबद्दल कुणी काही विचारत नाही. मी विमान जॅकवर उचलायचो, हवा पूर्ण सोडायचो, मगच रिमचे बोल्ट ढिले करायचो.

"आदी हवा कामून सोडायलाव?" मामांनी एकदा विचारलं.

"हे रिम दोन फाळक्यांचं असतं. हवा आत ठेवून बोल्ट काढले तर फाळकं उडून माझ्या तोंडावर येईल."

"आबाबा," मामा म्हणाले आणि थोडे मागं सरकले. चाकाच्या आतल्या बेअरिंगला मी बोटांनी वंगण भरायला लागलो, की मात्र पुन्हा पुढं यायचे. बैलगाडीच्या कण्याला त्यांनी जन्मभर एरंडेल घातलेलं. "एरंडेल न्हाई चालत का ह्याला?" हे ते दर वेळी विचारत, कधीतरी माझं उत्तर बदलेल अशा आशेनं. टायरवरून रिमवर ओढलेली तांबडी रेघ त्यांना फार आवडायची. टायर रिमवर सरकला तर रेघ तुटते आणि आपल्याला कळतं, असं मी सांगितलं होतं. विमानाला ते गोऱ्हा म्हणत.

आणि निघताना दर वेळी एकच मागणं. "साहेब, मला बी ह्याचं कायतरी काम द्या की. हात नुसते लटकायलेत."

"मामा, विमानाला हात लावायचा नाही," मी सांगायचो. नियमच तसा आहे, आणि मी नियमाचा माणूस आहे.

डॉक्टरांच्या मनात वेगळंच होतं. शेडला कॅमेरे बसवावेत, एजन्सीचा वर्दीतला राखणदार ठेवावा आणि मामांना आता गावी पाठवून द्यावं, थकले बिचारे, असं ते माझ्याशी मामांच्या देखतच बोलत. मामा ऐकत आणि शेडचा उंबरा झाडायला लागत. झाडलेलाच असायचा. पालमला त्यांचं घर होतं, पुतणे होते, दोन वेळची भाकरी मिळाली असती. पण तिथं गेल्यावर आपण नुसते खाटेवर पडून राहणार, याची त्यांना धास्ती होती.

पोळ्याच्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. विमान बाहेर काढलं तर डाव्या चाकाचा ब्रेक धरत नाही. दोन्ही पायांनी सारखं दाबलं तरी विमान उजवीकडं वळतंय. त्यांनी तिथंच बंद केलं आणि ढकलून शेडमध्ये ठेवलं. संध्याकाळी उडायचं होतं, त्याआधी बघून द्या म्हणाले. सणाच्या दिवशी मला बोलावतात म्हणून मी पिंगळीपासून परभणीपर्यंत कुरकुर केली, आणि परभणीपासून झरीपर्यंत बैल बघत गेलो. शिंगं रंगवलेली, अंगावर झुली, गळ्यात घुंगरमाळा. प्रत्येक वस्तीवरून पुरणाचा वास. माझी कुरकुर केव्हा थांबली ते कळलंच नाही.

ब्रेक धरत नाही म्हटल्यावर पहिला संशय गळतीवर. विमानाच्या ब्रेकचं तेल लालभडक असतं. गळलं की लपत नाही. मी विमान उचललं, चाक उतरवलं, नळी वरपासून खालपर्यंत बोटानं तपासली. कोरडी ठणठणीत. लाल काहीच नव्हतं. पण ब्रेकची चकती चिकट होती, आणि बोटाला जे लागलं ते पिवळं होतं.

पिवळं? एवढ्या वर्षांत विमानातून मी लाल तेल बघितलंय, काळं बघितलंय, निळसर इंधन बघितलंय. पिवळं काही गळताना बघितलं नव्हतं. मी बोट नाकाशी नेलं. तुपाचा वास आला. आता बोला! मला वाटलं, वाटेभर पुरणाचे वास घेतलेत, पोटच भलतं सांगतंय. दुसऱ्या हाताचं बोट लावून पुन्हा वास घेतला. तूप. गाईचं, घरी कढवलेलं, चांगलं रवाळ तूप.

मग मी बॅटरी घेऊन जमिनीवर आडवा झालो. चकतीपासून ओघळाचा माग वर जात होता. चाकाच्या कण्यावरून पायाच्या दांडीवर, तिथून पार वर, जिथं विमानाचा पाय पोटाला जोडलेला असतो तिथपर्यंत. तिथं चांगला जाड थर होता, त्यात पळसाच्या पानाचा एक तुकडा चिकटलेला. उजव्या पायालाही तसंच, पण तिथं नुसती कोरडी हळद. वैतागण्याआधी मला खरंच मजा वाटली. गुन्हा कळला होता आणि कारण काही केल्या सुचत नव्हतं.

"मामा!"

मामा दाराशीच उभे होते. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा पटका. माझा हात बघून त्यांना कळलं.

"मीच केली खांदेमळण," ते म्हणाले. "काल सांजच्याला."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात, हे मी लांबून बघितलेलं. वर्षभर जू ओढून खांदे सोललेले असतात, म्हणून. पण विमानाची?

"दावण रिकामी," मामा म्हणाले. "सांज झाली, तसे हात वळवळायले. म्हणलं, आता ह्या रानात कामाचं जनावर म्हणजे ह्योच की. मालकाला इकून तिकून वाहून नेतो. त्याचे खांदे कोण मळावं? पळसाच्या पानानं मळले, आन् कानात सांगितलं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

"कान कुठं सापडला तुम्हाला?"

"खिडकीपाशी सांगितलं."

"आणि खांदा हाच कशावरून?"

"आदी पंखाला लावाव म्हणलं. पर पंखावर वझं कुठं दिसतंय? उभं ऱ्हातंय तवा वझं समदं ह्याच जाग्यावर. डाव्याला नीट मळलं. उजव्याला जाईस्तोर तूप सरलं."

म्हणजे एकटा उजवा ब्रेक धरत होता, म्हणून विमान उजवीकडं वळत होतं. रात्रभर तूप जागच्या जागी राहिलं. सकाळी पत्रा तापला, तूप पातळ झालं आणि ओघळत ब्रेकपर्यंत पोचलं. सगळं जुळलं, आणि जुळल्याचा आनंद ओसरल्यावर मी भडकलो. चकती रसायनानं पुसता येते, पण ब्रेकच्या पट्ट्या तूप प्यायल्या की कायमच्या बाद. मी मामांना नको ते बोललो. विमान म्हणजे काय तुमची बैलगाडी आहे का, इथपर्यंत.

मामांनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "पट्ट्या हायत ना तुमच्यापाशी दुसऱ्या? मंग मालकाला सांगू नका. ते मला लगेच पालमला धाडतील."

पट्ट्या होत्या. बदलल्या असत्या आणि झिजल्या होत्या म्हणून सांगितलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं.

"मामा, ब्रेकच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही," मी म्हणालो. "सकाळी हळू चालवताना लक्षात आलं, म्हणून बरं. हेच उतरताना झालं असतं तर? धावपट्टी संपते तिथं काय आहे?"

मामांनी धावपट्टीच्या टोकाकडं पाहिलं. श्रावण सरत आलेला, कालवा काठोकाठ भरला होता.

"मालक कालव्यात गेले असते?"

"जाऊ शकले असते."

लहानपणीच्या डॉक्टरांना मामांनी खांद्यावर बसवून शेत दाखवलं होतं, तो पोरगा त्यांना दिसत असावा. नंतर सांगू नका असं ते पुन्हा म्हणाले नाहीत. मी पट्ट्या बसवल्या, चकती दोनदा पुसली, पायांवरची हळद धुऊन काढली, बेअरिंगमध्ये काही गेलं नाही ना ते बघून नवं वंगण भरलं. एवढ्या वेळात मामांनी एकही प्रश्न विचारला नाही. मला ते फार जड गेलं.

डॉक्टर आले. मी तोंड उघडायच्या आत मामा पुढं झाले आणि सगळं सांगून मोकळे झाले. आ बैल मला मार! खांदेमळण ऐकून डॉक्टर आधी हसले, मग माझा चेहरा बघून थांबले. बाद झालेल्या पट्ट्या मी त्यांच्या हातावर ठेवल्या. त्या बघून त्यांचा आवाज चढला.

"मामा, जीव गेला असता माझा. बैल विकले तेव्हा एक शब्द बोलला नाहीत तुम्ही. आता हे काय काढलंत?"

"तुमी इचारलंच न्हाई मालक," मामा म्हणाले.

डॉक्टर पट्ट्या उलटसुलट करत राहिले. मग जरा नरमाईनं म्हणाले, "बरं. राहायचं तर राहा. पण आजपासून विमानाला बोट लावायचं नाही. लांब बसून बघायचं."

"मंग मी जातो पालमला," मामा म्हणाले. रागानं नव्हे, हिशेबानं. "नुसतं बगत बसायचं तर ते तिथं बी व्हतंय." आणि ते आखाड्याकडं चालायला लागले.

डॉक्टरांनी विमान बाहेर काढलं, धावपट्टीवर थोडं पळवलं आणि ब्रेक मारला. जागच्या जागी सरळ थांबलं. उतरून माझ्याकडं आले, पण बघत होते आखाड्याकडं. आत मामा गाठोडं बांधत होते.

"त्यांना करता येईल असं काही आहे का हो यात?" त्यांनी विचारलं. "खरं सांगा."

नाही, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. इतकी वर्षं तेच दिलं होतं. पण खरं सांगा म्हटल्यावर विचार करावा लागला. पावसाळ्यात मुरमाच्या कडेची काळी माती चाकांवर चढते, वाळून विटेसारखी घट्ट होते आणि टायरला घासत राहते. डॉक्टरांना दवाखान्याची घाई असते, मी महिन्यातून एकदा येतो. बाभळीचा काटा टायरमध्ये अडकलाय का, हेही कुणी बघत नाही. दर उड्डाणानंतर कुणीतरी ही चाकं हातानं पुसायला हवी होती. हे मला कधीचं माहीत होतं आणि मामा समोर बसलेले असताना एकदाही सुचलं नव्हतं.

"आहे," मी म्हणालो आणि काय ते सांगितलं.

"मग थांबा म्हणावं त्यांना," डॉक्टर म्हणाले. "तुम्हीच सांगा. माझं ऐकायचे नाहीत आता."

मी आखाड्यावर गेलो. मामांना समोर बसवून नीट समजावलं. विमान उतरलं, इंजिन बंद झालं, मालक खाली आले, की मगच जवळ जायचं. ओल्या फडक्यानं माती काढायची, कोरड्यानं पुसायचं, टायरवरून तळवा फिरवून काटा बघायचा. तूप नाही, तेल नाही, हळद नाही, नुसतं पाणी. मामा ऐकत मान हलवत होते. गाठोड्याची गाठ त्यांनी अजून सोडली नव्हती.

मग त्यांनी विचारलं, "पाणी गार घिऊ का कोमट करू?"

खरं म्हणजे कसलंही चाललं असतं.

"कोमट," मी म्हणालो.