चार दिवसांचा परमुलखी

मी आयुष्यात चार दिवस परमुलखी होतो, आणि तेही ठाण्यात, माझा जन्म झाला त्या घरापासून पाव कोसावर. हे सांगितलं की लोक हसतात. मीही हसतच सांगतो, कारण रागावून सांगायला लागलो तर ते शेवटपर्यंत सांगून होत नाही.

आमचं घर खाडीच्या अंगाला, किरिस्तावांच्या वस्तीत. बा भातशेती करायचा. मी पाच वर्षांचा असताना पटकीने माझी दोन भावंडं नेली. मी वाचलो तेव्हा बाने तलावाकाठच्या आमच्या देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) नवस बोलला की हा पोर देवाला देईन, पाद्री करीन. बोलल्याप्रमाणे सोळाव्या वर्षी त्याने मला गोव्याला पाद्री घडवण्याच्या शाळेत पाठवलं. चार वर्षं मी तिथे काढली. लॅटिन शिकलो, पोर्तुगीज शिकलो, आणि चौथ्या वर्षाच्या शेवटी मला कळून चुकलं की हे माझ्याच्याने होणार नाही. मी शाळेच्या प्रमुखांना, रेक्टरांना, तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला मोकळं केलं. मला वाटलं होतं ते रागावतील, म्हणजे निदान रडायला तरी निमित्त मिळेल.

घरी यायची मात्र छाती झाली नाही. बाला काय सांगणार? एका सोबत्याच्या घरी महिना-दीड महिना त्याच्या भाच्यांना शिकवत राहिलो. तिथेच शाळेमार्फत बहिणीचं पत्र आलं. बाने अंथरूण धरलंय, असशील तसा ये. मी आगबोट धरली. बोटीवर दोन दिवस एकच वाक्य घोकत होतो : बा, मी पाद्री होत नाही, मला माफ कर. तो असेपर्यंत हे त्याच्या तोंडावर सांगायचं, एवढंच माझं काम होतं.

त्या सुमारास सरकारचा कसलासा हुकूम निघालेला होता. परमुलखाची रयत इकडे राहत असेल आणि बाहेर जाऊन परत आली, तर तिने पोलिसांत नाव नोंदवावं, असं काहीतरी. मुंबईच्या बंदरावर एका कारकुनाने मला विचारलं, कुठून आलास. मी म्हटलं, गोव्याहून. त्याने नाव विचारलं. आमची नावं आडनावं पोर्तुगीज अमदानीपासूनची. आमच्या वस्तीत बैल हाकणाऱ्याचं नावही लिस्बनच्या उमरावासारखं असतं. कारकुनाने मान वर न करता एक चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला आणि हिंदुस्थानीत सांगितलं की तीन दिवसांच्या आत आपल्या गावच्या पोलिसाला दाखव. मी सांगत होतो की मी ठाण्याचा. तो म्हणाला, ठाण्याचा म्हणूनच ठाण्याला दाखव. यात काय चुकतंय ते मला तिथल्या तिथे सापडेना, आणि मागची माणसं ढकलायला लागली होती.

चिठ्ठी इंग्रजीत होती. मला मराठी, पोर्तुगीज आणि लॅटिन येत होतं. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं.

ठाण्याला उतरलो तर घराला कुलूप. शेजारच्या काकीने सांगितलं की बाला कल्याणला बहिणीकडे नेलंय. मेव्हणा रेल्वेच्या कारखान्यात फिटर, तिथल्या डॉक्टरचं औषध चालू, आयपण तिथेच. बाने आठ दिवस पेजेखेरीज काही घेतलं नाही. पुढची गाडी धरली असती तर तासाभरात मी त्याच्या उशाशी असतो. पण खिशात चिठ्ठी होती. म्हटलं, हे आधी उरकून टाकू, चौकी वाटेवरच आहे.

टेंभी नाक्याजवळच्या चौकीत एक हवालदार होते. त्यांनी चिठ्ठी सरळ धरली, उलटी धरली, शिक्का निरखला. शिक्का सरकारी आहे एवढं त्यांनी ओळखलं, आणि त्यातच सगळा घोटाळा झाला. इंग्रजी वाचणारे फक्त फौजदार, आणि ते भिवंडीकडे फिरतीवर गेलेले. सोमवारी येतील. त्या दिवशी गुरुवार होता.

हवालदारांनी एक वही काढली. त्यात रकाने होते आणि त्या रकान्यांत आजवर एकच नाव होतं, कुणा घड्याळवाल्या फ्रेंचाचं. माझं नाव लिहून ते 'मुलूख' या रकान्याशी अडले. मी म्हटलं, ठाणे. ते म्हणाले, ठाणे हा मुलूख नाही. मी म्हटलं, मग मी परमुलखी नाही. ते म्हणाले, परमुलखी नसाल तर ही वही तुमची नाही. पण मग हा शिक्का कसला? आम्ही दोघेही त्या शिक्क्याकडे बघत बसलो.

मी त्यांना विचारलं, कल्याणला बाप आजारी आहे, जाऊ का? ते म्हणाले, मला या कायद्यातलं काही माहीत नाही, साहेबांना विचारावं लागेल.

एवढंच म्हणाले. आज इतक्या वर्षांनी मी ते वाक्य उलटंसुलटं करून बघतो, त्यात 'नको' कुठेही नाही. पण मी चार वर्षं अशा जागी काढली होती, जिथे फाटकाबाहेर पाऊल टाकायला चिठ्ठी लागायची आणि आजाऱ्याला भेटायलाही विचारून जायचं. परवानगी दिली नाही म्हणजे मनाई, हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं होतं. मी मान डोलावली आणि घरी गेलो.

शुक्रवारी हवालदारांनी उपाय काढला. इथे जन्मल्याचा दाखला आणा, म्हणजे मी चिठ्ठीला जोडून ठेवतो, साहेबांना सोपं जाईल. भला माणूस होता, नाही म्हणवत नाही. मी देवळात गेलो. पाद्रीबाबांनी मोठं बाड काढलं, माझ्या बाप्तिस्म्याची नोंद शोधली, सुरेख अक्षरात तिची नक्कल करून खाली देवळाची मोहोर उठवली. कागद घेऊन मी चौकीत आलो तो जवळजवळ पळतच. हवालदारांनी तो उघडला आणि त्यांचा चेहरा पडला.

नोंद पोर्तुगीजमध्ये होती. आमच्या देवळातल्या सगळ्याच नोंदी पोर्तुगीजमध्ये असतात. मी ठाण्यात जन्मलो याचा जगात एकच पुरावा, आणि तो परमुलखाच्याच भाषेत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हवालदारांनी विचारलं, हे देऊळ कोणाच्या अमलाखाली? मला खोटं बोलता येत नव्हतं. मी सांगितलं की आमच्या देवळाचे वरिष्ठ गोव्याकडचे, पण अर्ध्या मैलावरच्या दुसऱ्या देवळाचे वरिष्ठ मुंबईचे, आणि यावरून आपसात बराच वाद आहे. ते म्हणाले, म्हणजे देऊळही परमुलखी. त्यांनी कागद चिठ्ठीला टाचला आणि प्रकरण चांगलंच जाड झालं.

मला राग आला. मी विचारलं, हवालदारसाहेब, आपण कुठले? ते सावंतवाडीचे निघाले. संस्थान! तिथे इंग्रजाचा नव्हे, राजाचा अंमल. त्यांच्या घरापासून गोव्याची हद्द दोन कोसांवर, आणि त्यांची बायको दर वर्षी पलीकडच्या जत्रेला जाते. मी म्हटलं, मग ती परत आल्यावर कोणत्या वहीत लिहिता? हवालदारांनी बराच वेळ त्या वहीचे रकाने वाचले. मग म्हणाले, हे तुम्ही साहेबांपुढे काढू नका. त्या दिवसापासून ते मला पाणी विचारू लागले.

शनिवारी काकी चौकीत आली. मी बोलावलं नव्हतं. मासळीची रिकामी पाटी कमरेला लावून ती दारात उभी राहिली आणि तिने हवालदारांना सांगितलं, "ह्याची नाळ आमच्या चिंचंखाली पुरलीय. मीच पुरली. उकरून दाखवू का?"

हवालदार खुर्चीतून अर्धे उठले. त्यांना ते पटलं, हे मला दिसत होतं. त्यांची स्वतःची नाळ कुठे पुरलीय हे त्यांनाही ठाऊक असणारच. पण वहीत त्याला रकाना नव्हता. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, आजी, सोमवारपर्यंत.

बाहेर आल्यावर काकी माझ्यावर उलटली. तू कल्याणला जा, म्हणाली, ह्या मिशाळाला मी बघते. मी म्हटलं, कायदा आहे, काकी. ती म्हणाली, कोणता?

आता खरं काय ते लिहून टाकतो. काकीने विचारलं तेव्हा माझ्या मनात एक क्षण लख्ख उजेड पडला होता की मला कोणीच अडवलेलं नाही. चौकीवर पहारा नव्हता, स्टेशनवर कोणी नावं विचारत नव्हतं. पण गाडीत बसलो की तासाभरात बा समोर, आणि ते घोकलेलं वाक्य तोंडाने म्हणायचं. त्यापेक्षा हवालदाराचं बाक बरं वाटत होतं. मी भित्रा होतो, आणि सरकारने मला लपायला जागा दिली होती. त्या वेळी हे मी स्वतःलाही कबूल केलं नाही. स्वतःची समजूत घातली की बेकायदा गेलो तर मेव्हण्याच्या नोकरीवर गदा येईल. असं होऊ शकतं असं मला कोणी सांगितलंही नव्हतं.

रविवारी देवळात मागच्या बाकावर बसलो. काय प्रार्थना करावी तेही समजेना. बा बरा व्हावा म्हणावं, की सोमवार लवकर यावा म्हणावं, की येऊच नये? काहीच न मागता उठलो.

सोमवारी सकाळी फौजदार आले. हवालदारांनी कागदांचा गठ्ठा पुढे केला आणि सगळं प्रकरण सांगितलं, फक्त सावंतवाडी वगळून. फौजदारांनी चिठ्ठी वाचली. तीन ओळी होत्या. त्यांनी पुन्हा वाचली, मग बाप्तिस्म्याचा कागद पाहिला, मग मला पाहिलं.

"यात लिहिलंय की येऊन कळवावं. तू गुरुवारी कळवलंस. मग इतके दिवस इथे काय करतोयस?"

मी म्हटलं, कल्याणला जायच्या परवानगीची वाट बघतोय.

"कल्याणला जायला परवानगी कशाला? तुला जाऊ नको म्हटलं कोणी?"

मी हवालदारांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. दोघांनाही आठवेना. मग मी विचारलं, साहेब, मी परमुलखी आहे की नाही? ते म्हणाले, ते मी वर लिहून विचारतो, तू जा.

कल्याणला रेल्वेच्या चाळीपुढे माणसं उभी होती. काळे कोट दिसले आणि मी समजलो. बा आदल्या संध्याकाळी गेला होता. दफन दुपारी होतं. बहिणीने सकाळीच ठाण्याला माणूस धाडला होता, काकीकडे, बा गेल्याचं कळवायला. वाटेत तो माणूस आणि मी एकमेकांना ओलांडून गेलो असणार. तिला वाटत होतं मी अजून गोव्यातच आहे. मी गुरुवारीच ठाण्याला आलो, हे तिला सांगायला मला तोंड नव्हतं, पण सांगितलं. चौकीचं सांगितलं, वहीचं, चिठ्ठीचं. तिला त्यातलं काही कळलं नाही, आणि बोलता बोलता मलाही ते कळेनासं झालं.

मग मी तिला ते दुसरंही सांगितलं. बाला सांगायचं होतं की मी पाद्री होत नाही.

"ते त्याला ठाऊक होतं," बहीण म्हणाली. "तुझ्या रेक्टरांचं पत्र दीड महिन्यामागंच आलं. मीच वाचून दाखवलं."

मी विचारलं, काय म्हणाला?

"आधी दोन दिवस बोलला नाय. मग म्हणाला, पोराकडं साधे कपडे नसतील. शाळेचा झगा उतरवलान् तर घालंल काय?"

तिने पेटी उघडली आणि एक कोट काढला. जाड काळ्या कापडाचा, नवा, बटणं अजून घट्ट. अंथरुणावर पडल्यापडल्या बाने शिंप्याला बोलावून घेतलं होतं आणि स्वतःच्या अंगावर हात ठेवून माप दिलं होतं, पोर माझ्या खांद्याला लागायचा, इथवर, हात एवढे, असं म्हणत. चार वर्षांपूर्वी मला बंदरावर पोचवायला आला तेव्हाचं माप.

मी कोट घातला. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर राहिल्या आणि खांद्यात तो आवळत होता. आय चुलीपाशी बसली होती. तिने मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, वाढलास. मग ती रडायला लागली आणि मीही. तोच कोट घालून मी बाला खांदा दिला.

आठवड्याने ठाण्याला परतलो आणि पाय आपोआप चौकीकडे वळले. कल्याणहून परत आल्याचं कळवावं लागतं का, ते विचारायला. हवालदारांनी माझ्या बाह्यांकडे पाहिलं. वही उघडून त्यांनी मला माझी ओळ दाखवली. मुलखाचा रकाना अजून कोरा होता. वरून उत्तर आलेलं नव्हतं. ते कधी आलं की नाही, मला ठाऊक नाही. मी पुन्हा विचारायला गेलो नाही.