मधलीची दृष्ट

मी 'आभाळातली मशीनं बघते', एवढंच आमच्या नात्यात माहीत आहे, आणि तेवढं पुरतं. एका अवकाश दुर्बिणीवर क्ष-किरण टिपणारे तीन डिटेक्टर आहेत. ते म्हातारे होतील तसा त्यांचा विजेचा दाब कमी-जास्त करून त्यांना कामाला लावायचं, ही माझी नोकरी. कर्जतला घरी बसून करते.

त्या दिवशी मात्र मी खालापूरजवळच्या गावात, आत्याच्या ओटीवर होते. तिच्या नातवाची हळद होती, आणि नेमकं त्याच दिवशी मधल्या डिटेक्टरचं भवितव्य ठरायचं होतं. आम्ही तिला मधलीच म्हणायचो. समोर काही नसताना काहीतरी दिसल्याची बोंब ती गेले कित्येक महिने मारत होती. साहेबांचं म्हणणं, कायमची बंद करा. मी भांडून एक शेवटची संधी मागून घेतली होती. दाब उतरवायचा आदेश सकाळी वर गेला होता. दुर्बीण दुपारी पुन्हा डोक्यावर आली की उत्तर मिळणार होतं. जमलं नाही, तर मधली संपली.

"हळदीला तरी तो डबा मिट गं," माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपकडे बघत आत्या म्हणाली.

"मधलीचं कळलं की मिटते."

"कोण मधली?"

मी शहाणपणा केला आणि सविस्तर सांगत बसले. घटकाभरात मांडवभर झालं की भाचीची एक पोर आजारी हाय, लांब ठेवलीय. बायका ओटीवर जमल्या.

"ताप हाय का?" एकीने विचारलं.

"ताप नाही," मी वैतागून म्हटलं, "उगाच किंचाळते."

"मग नजर हाय." निदान एकमताने झालं.

तेवढ्यात मांडवातला डीजेवाला स्पीकर लावायला लागला आणि कान किटले. त्याने आवाज उतरवला तशी खरखर गेली. मी म्हटलं, "हे बघा, मी हेच केलंय. खरखर जायला हवी, गाणं राहायला हवं. मधलीच्या शेजारी चिमूटभर किरणोत्सारी पदार्थ कायमचा बसवलाय. तो तिला दिसला की पडद्यावर एक उंचवटा येतो. उंचवटा आहे तोवर ती धडधाकट."

"आमाला काय कळत नाय," आत्या म्हणाली आणि मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन आली. मीटिंग सुरू झाली होती. पडद्यावर साहेबांसकट सगळे चेहरे गंभीर, आणि आत्या त्या सगळ्यांवरून मूठ ओवाळतेय.

"मागे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"स्थानिक उपाय, सर."

साहेब मुरलेले. म्हणाले, "चालू द्या."

मिरच्या चुलीत पडल्या. ठसका कुणालाच लागला नाही. "बघ केवढी नजर होती!" आत्या विजयाने म्हणाली.

आणि आलेख आला. सरळ, स्वच्छ रेघ, एक काटा नाही. "थांबली की गं ओरडायची!" आत्याने टाळी वाजवली. बायकांनी माझ्या दोन्ही गालांना हळद फासली. कुणीतरी साखर आणायला धावलं.

मी उंचवटा शोधत होते. तो नव्हता. दाब चढवला तर मधली किंचाळणार, उतरवला तर तिला काहीच दिसणार नाही, आणि या दोहोंच्या मधे आता जागाच उरली नव्हती. इतक्या वर्षांची माझी मधली. मला फार वाईट वाटलं.

साहेबांनी माझं मत विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं, बंद करू या.

"काय म्हनतात तुजे साहेब?" आत्याने माझ्या तोंडात साखर घालत विचारलं.

"तिला आता विश्रांती द्यायची म्हणतात."

"देऊ दे की. किती दिवस झोपली नसंल बिचारी."

तोंडात साखर होती. मी डबा मिटला.