खस आवडतो, मोगरा लावते

मला खस आवडतो. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या ओळखीतल्या कुणालाही विचारलंत तर तो छातीठोकपणे सांगेल की ही बाई मोगऱ्याची.

मोगरा माझ्या गळ्यात पडला तो सासूबाईंमुळे. जरीपटक्याच्या एका शाळेत गणित शिकवायला लागले, तेव्हा हे मला इतवारीतल्या अत्तराच्या दुकानात घेऊन गेले. दोन बस बदलून जायचं, नागपूरचं ऊन, अंगाला घामाच्या धारा, म्हणून रोज लावायला काहीतरी हवं होतं. दुकानदारानं एका मनगटावर खस लावला, दुसऱ्यावर मोगरा, आणि म्हणाला, "जादा यही दो चलते हैं, मॅडम. मोगरा दूर से बोलता है, खस पास आओ तो." परतताना मी आळीपाळीनं दोन्ही मनगटं हुंगत होते. खसचा वास माठातल्या पाण्यासारखा गार होता. माझं तर बसमध्येच ठरलं. पण घरी सासूबाईंनी हात नाकाशी नेला आणि निकाल दिला, "खस माणसायनं लावाचा असते वं. बाईमाणसाले मोगराच." झालं. घेतलेल्या दोन बाटल्यांपैकी खसची ह्यांच्याकडे गेली, मोगऱ्याची माझ्याकडे. नव्या सुनेनं अत्तरावरून वाद घालायचे ते दिवस नव्हते.

शाळेत मात्र माझा दरारा होता. इतर शिक्षक वर्गावर जायचे तर आधी टेबलावर डस्टर आपटायचे, घसा कोरडा करायचे. मी दारात पाऊल टाकलं की मुली चिडीचूप. पाठ ताठ, वह्या उघडलेल्या, फळा स्वच्छ पुसलेला. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं, "तुम्हाले कसं जमते हो, मॅडम?" तर मी नुसती हसायची आणि मनातल्या मनात मिशांवर ताव द्यायची. माझा समज असा की ही माझ्या शिकवण्याची जरब आहे. हा समज मी बरीच वर्षं लोणच्यासारखा मुरवला.

मग एका एप्रिलात मोगऱ्याची बाटली संपली. सकाळची शाळा होती, बस गाठायची होती, म्हणून ह्यांच्या बाटलीतला खस कानामागे लावला आणि निघाले. त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीच्या कूलरला नव्या खसच्या ताट्या बसवल्या होत्या. अख्ख्या व्हरांड्यात तोच ओला, गार वास भरला होता. त्या वासात माझा वास कुणाला कळणार? मी सहावीच्या दाराबाहेर पोचले आणि थबकले. आत कुणीतरी शिकवत होतं.

कुहीकडच्या एका खेड्यातून आलेली मुलगी होती ती, मामाकडे राहून शिकणारी. माझ्या तासाला कधी तोंड उघडत नसे. आता फळ्यावर दोन मोठे गोल काढून, त्यांचे चार-चार भाग करून बोलत होती.

"हे पाय, ह्या दोन पोळ्या. एकीचे चार तुकडे, तं दोघीयचे किती होतीन? आठ ना? मंग दोनले पावानं भागलं तं आठच येनार वं! मॅडम म्हनते उलटं करून गुना. पन काहून उलटं कराचं, ते नाही सांगत."

"विचारून पाय ना तिले," मागून कुणीतरी म्हणालं.

"भेव लागते बाप्पा. ते एकडावच सांगते. तू दाराकडे ध्यान ठेव. मोगरा आला की सांगजो."

मोगरा म्हणजे मी. माझी जरब, माझा दरारा, सगळं त्या एका कुपीत होतं. वास आला की फळा पुसला जायचा, पाठी ताठ व्हायच्या, आणि मी ऐटीत आत शिरायची.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरातरा आत गेले. मुली जागच्या जागी गोठल्या. त्या पोरीच्या हातातला खडू खाली पडला. मी डस्टर उचललं आणि तिच्या पोळ्या पुसून टाकल्या. मग रोजच्यासारखं शिकवायला लागले, "भागताना दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा." म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं की काहून उलटा करायचा, हे मलाही कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी पाठ केलं होतं आणि पाठ करून घेत होते. तो तास कसा संपला ते मला आठवत नाही. लाज वाटली हे आठवतं.

घरी ह्यांना सांगितलं तर हे हसत सुटले. "मंग खसच लाव ना आता. रोज रंगे हाथ पकडशीन."

रागाच्या भरात मी खरंच चार दिवस खस लावला. पहिल्या दिवसानंतर पकडायला काही उरलंच नाही. ती मुलगी जागेवरून उठेना. फळा कोरा असायचा. वर्ग आता खरोखरच शांत होता, आणि तसली शांतता मला बघवेना. शेवटच्या दिवशी एक सोपं उदाहरण फळ्यावर घातलं, तर वीस-पंचवीस मुली वहीत मान घालून बसल्या आणि एकीनंही पेन्सिल उचलली नाही. आधी निदान पेन्सिली चालायच्या. माझ्या आधी त्यांना कुणीतरी समजावून देत होतं म्हणून चालायच्या.

संध्याकाळी इतवारीत गेले. दुकानदारानं विचारलं, "कौन सा, मॅडम?" मी मोगरा म्हटलं. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा जास्तच लावला. वर्गाच्या अलीकडे पाण्याची टाकी होती. तिथे थांबून सावकाश ओंजळीनं पाणी प्याले, पदराला हात पुसले, पुन्हा प्याले. दोन-तीन दिवसांनी आतून खडूचा आवाज येऊ लागला. मग धावपळ, बाकांची खरखर, आणि मी आत. पुढे निवृत्त होईपर्यंत त्या टाकीपाशी मी किती पाणी प्याले असेन! शिपाईबाई म्हणायची, मॅडमले साखर तं नाही ना झाली?

त्या पोळ्या मात्र मी चोरल्या. पुढच्या प्रत्येक सहावीला अपूर्णांकांचा भागाकार मी पोळ्या काढूनच शिकवला. हे तिला कधी सांगितलं नाही, आणि तिच्या पोळ्या पुसल्या त्याबद्दलही कधी बोलले नाही. सातवीनंतर ती गावी परत गेली. आज ती समोर आली तर ओळखू येणार नाही, आणि हे मला फार लागतं.

निवृत्त झाले त्या दिवशी ठरवलं, आता फक्त खस. सासूबाई राहिल्या नव्हत्या, वर्ग राहिला नव्हता. ह्यांच्या बाटलीशेजारी माझी स्वतःची खसची बाटली आली. दोन वर्षं मी हवा तो वास अंगाला लावून मजेत हिंडले.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मुलाचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. सून पारशिवनीकडची, गुणी, कमी बोलणारी. मला वाटायचं, स्वभावच अबोल असेल. दुपारी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघराकडे गेले. हॉलमधल्या कूलरला खसच्या ताट्या होत्याच. ती ओट्याशी पाठमोरी उभी, कानाशी फोन.

"आई, पातोडी रस्स्यात टाकली का फुटून राहिली वं. दोनदा झालं. बेसन शिजलं का नाही, ते कसं ओळखाचं? … इथच्या आईले? नाही ना, त्यायनं एकडाव सांगतलं, शिजलं का काढ म्हनून. अजून विचाराले भेव लागते."

मी दाराशीच उभी राहिले. इतक्या वर्षांनी पुन्हा तोच व्हरांडा, तोच ओला वास, आणि दाराआड तीच मी. या वेळी राग आला नाही.

आल्या पावली मागे फिरले. कपाटात मोगऱ्याची जुनी बाटली होती, तळाशी थोडं अत्तर. दोन्ही मनगटांना लावलं. न्हाणीघरात जाऊन उगाच नळ सोडला, पाणी प्याले, पदराला हात पुसले. मग सावकाश चालत स्वयंपाकघरात गेले. तोवर फोन ओट्यावर ठेवलेला होता आणि ती घाईघाईनं फुटलेल्या पातोड्यांवर झाकण ठेवत होती.

मी झाकण काढलं. "बेसन शिजलं का काढ, एवढंच मी सांगितलं ना तुला? शिजलेलं ओळखायचं कसं, ते सांगितलंच नाही." बेसनाचा डबा पुढे ओढला. "गोळा भांड्याची कड सोडतो. ओलं बोट लावून बघायचं, चिकटलं नाही की समजायचं झालं. आणि एकदा सांगून नाही कळलं तर दहादा विचारायचं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाले कसं कळलं, आई?"

"एका मुलीनं सांगितलं होतं," मी म्हटलं. "मी ऐकायला फार वेळ लावला."

मग तिनं नवं बेसन कालवायला घेतलं. मी शेजारी उभी राहिले. कढईत बेसन घट्ट होऊ लागलं तशी तिनं मान वर केली, जरा घुटमळली, आणि पहिल्यांदाच मला विचारलं, "पन आई, कड काहून सोडते ते?"