दारातला डाग

आमच्या गल्लीतल्या फोटोवाल्याला सगळे उजेडराव म्हणतात. कसलाही काळाकुट्ट फोटो आणा, गडी कॉम्प्युटरवर त्यात उजेड भरणार. "मेलेलं माणूससुद्धा डोळे मिचकावील," ही त्याचीच बढाई. हाताला खोड एकच: फोटोत फालतू काही दिसलं की पुसायचं. दोरीवरचा टॉवेल, भिंतीवरची पाल, कुणाचं अर्धं कोपर. विचारायचं नाही, पुसायचं.

शेजारच्या शिवणवालीनं आईचा शेवटचा फोटो आणला. मोबाइलवर तिनंच काढलेला. खाटेला लागून खिडकी, त्यात ऊन रणरणतं; म्हणून खिडकी पांढरीफटक आणि आईसकट सगळी खोली कोळसा. उजेडरावानं अंधार बेताबेतानं उजळत आणला. सुरकुत्यांसकट आई दिसली. मागं दारात कसलासा काळपट डाग होता. एक फटकारा, दार साफ!

फ्रेम न्यायला ती आली ती धाकट्या भावाला फरफटतच घेऊन. आई गेल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"म्हणे आलो होतो, दारातनं आईला बघून गेलो! हे घे दार. कुठायस तू?"

भावाचा चेहरा पांढरा पडला. "ताई, मी तिथंच होतो. तू फोटो काढत होतीस."

"मग काय भूत होतास?"

उजेडरावाच्या तोंडचं पाणी पळालं. 

"दारात... डाग होता. मी पुसला."

"डाग?" भाऊ म्हणाला.

मूळ फोटो कॉम्प्युटरात होता म्हणून बरं. उजेडरावानं तो उघडला. उजेड वाढवत नेला, खिडकी जळून गेली तरी थांबला नाही. आधी चौकट आली. मग खांदा. मग तोंड, पार उतरलेलं. शेवटी हात, आणि हातात चपला.

शिवणवाली स्टुलावर बसली कसली, कोसळलीच.

"चपला काढल्यास, तर आत का नाही आलास, मेल्या?"

"तू होतीस ना आत. उंबऱ्यात पाय ठेवलास तर तंगडी मोडीन, म्हणाली होतीस."

ती तोंडाला पदर लावून स्क्रीनकडं बघत राहिली. मग हातातली फ्रेम तिनं टेबलावर पालथी घातली.

"ही नको. हा छापा."

 जन्मात पहिल्यांदा उजेडरावानं विचारलं, "दारातलं तोंड जरासं साफ करू?"

"हात लावायचा नाही!" दोघं एकदमच ओरडली.