साधूंच्या पडक्या मठात घर मागायला

"स्वतःचं घर हाय काय?" मुलीकडच्यांनी हे विचारलं आणि माझं लग्न तिसऱ्यांदा फिसकटलं. चौथे लोक येत्या रविवारी येणार होते. आक्काने उपाय काढला. संकेश्वरच्या पलीकडे डोंगरावर एक पडका मठ आहे, तिथे दगडावर दगड रचला की वर्षात घर होतं. "जाताना पोरांना घिऊन जा. सुट्टीत लई डोकं खात्यात," ती म्हणाली. एकाच फेरीत माझं घर आणि तिची दुपारची झोप.

निपाणीहून सकाळची पहिली बस घ्या, नंतर गर्दी होते. मी पिशवीत आयोडीन, शिट्टी, दोन दोऱ्या आणि बारा वर्षांच्या भाचीचं, सईचं, आधार कार्ड घेतलं. कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये ते दाखवलं की मुलींना शून्याचं तिकीट मिळतं. तिच्या सात वर्षांच्या भावाला, ओमला, अर्धं पडलं, म्हणून तो संकेश्वरपर्यंत फुगून बसला. स्टँडसमोर इडली-वडा खाऊन घ्या. पुढे वडाप मिळतं, म्हणजे दहा जणांची जीप, जिच्यात सतरा बसतात. पायथ्यापासून चढ पाऊण तासाचा.

मठ आठ-नऊशे वर्षांचा आहे असं वरचा नारळवाला सांगतो. कुठल्या पंथाचा, हे तो गिऱ्हाइकाचं आडनाव विचारून ठरवतो. घरदार सोडलेली माणसं इथे राहिली, एवढं मात्र सगळ्यांना सारखंच सांगतो. त्यांच्याकडेच लोक घर मागतात. पद्धत अशी की उभ्या भिंतीतला दगड उपटायचा आणि अंगणात मजला चढवायचा. अंगणभर बंगले झाले होते. एकाने तर पार्किंग सोडलं होतं. मठाला तेवढी एक छप्पर असलेली खोली उरली होती.

ओमने माझ्यासाठी दोन मजले चढवले. "मामा, वर मामी ऱ्हाईल," म्हणाला आणि त्या खोलीत लपायला पळाला.

सई दारातच थांबली. "मामा, हिकडं ये. भिंत खालनं पोकळ हाय."

मी वाकून बघितलं. दाराच्या बाजूचे खालचे दगड लोकांनी काढून नेले होते. वरचा सगळा भार दीड दगडावर होता. मी शिट्टी मारली.

"अजून शंभर झालं न्हाईत!" आतून ओम.

"आई आलीया रं," सई शांतपणे म्हणाली. तो लगेच बाहेर आला.

तेवढ्यात दुसरी एक छोटी मुलगी आत शिरली. मी जवळचा पाच मजली बंगला मोडून दगड त्या पोकळीत ठोकायला लागलो.

"ओ भाऊ! आमचा टावर मोडलासा की!" काळा चष्मा लावलेला माणूस धावत आला. "सकाळधरनं रचतोय!"

"तुमची पोरगी आत हाय," सई म्हणाली.

त्याने भिंतीकडे बघितलं, मग टॉवरकडे. "वरचे दोन मजले तरी ठिवा."

"आदी पोरीला भाईर काढा, मग मजले मोजा!" त्याची बायको ओरडली. तिनेच मुलीला ओढून आणलं.

शेवटी एक फट उरली. तिथे बसेल असा चपटा दगड ओमच्या दोन मजल्यांच्या तळाशी होता. मी दुसरा खरंच शोधला. बराच वेळ शोधला. मग तोच काढला.

"मामा, मामी पडली," ओम म्हणाला.

दारावर मी दोन्ही दोऱ्या आडव्या बांधल्या आणि कुणाला आत सोडू नका असं नारळवाल्याला सांगितलं. "सांगतो की," तो म्हणाला. "दोरीला हात लावून काय मागायचं असतंय?"

घरी आल्यावर आक्काने विचारलं, "रचलास काय रं? किती मजली?"

"एकच दगड. भिंतीत घातला."

तिने कपाळावर हात मारला.

रविवारी चौथे लोक आले आणि तोच प्रश्न आला. मी न्हाय म्हणालो. ओम मधेच बोलला, "व्हतं की! दोन मजली. मामानंच मोडलं." पाहुण्यांनी चहा संपवला आणि कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर दगड घरून न्या. त्या भिंतीला अजून चार-पाच लागतील.