रामदीनच्या खडावा

काल ओल्या पायांनी गीझरचं बटण दाबलं आणि सणसणीत झटका खाल्ला. मी इलेक्ट्रिकल इंजिनियर, हे सांगायलाही लाज वाटते. हात झिणझिणत असतानाच भोपाळच्या टाउनशिपमधली एक सकाळ आठवली.

आमच्या ब्लॉकचा पाण्याचा पंप आठवड्यात तिसऱ्यांदा बंद पडला होता. "ये सॅबोटाज है," शेजारचे सक्सेनासाहेब म्हणाले, आणि सगळे पंप चालवणाऱ्या रामदीनकडे बघू लागले. त्याची नोकरी जाणार, हे दिसतच होतं. त्यात मी ज्ञान पाजळलं, की हा घातपाताचा शब्द मूळचा फ्रेंच, 'साबो' म्हणजे लाकडी जोडा; चिडलेले कामगार तो यंत्रात टाकून ते बंद पाडत, अशी गोष्ट सांगतात. झालं, सगळ्यांच्या नजरा रामदीनच्या पायांवर. ग्रीसच्या वासात, ओल्या फरशीवर तो खडावा घालून उभा होता. मला तर त्या पायांत पुरावाच दिसला.

"साहब, नंगे पाँव करंट मारता है," तो हळूच म्हणाला.

"बहाने मत बनाओ," असं म्हणणारा मीच.

दुपारी वायरमनला मोटरची चिरलेली वायर सापडली, तिच्यातूनच ओल्या फरशीत करंट उतरत होता, आणि रामदीन वाचला.

घरी बायको म्हणाली, "शब्द कुठून आला ते बरं ठाऊक होतं तुम्हाला. करंट कुठून येतोय ते बघायला काय फ्रेंच लोक येणार होते?"