माड पाडणारा बाळाराम

बाळाराम मला कधीच आवडला नाही, आणि तो आता नाही म्हणून माझं मत बदलणार नाही. वाळलेली झाडं पाडण्यात आमच्या बाजूला त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, हे मान्य. पण कोणाच्याही वाडीत शिरला की झाडाकडे बघायच्या आधी घरात डोकावायचा आणि मालकालाच हुकूम सोडायचा, "आधी घर मोकला करा." चहा विचारला तर नको. तंबाखूची पिचकारी मात्र मालकाच्याच अंगणात.

आमच्या घरामागचा माड भुंग्याने मेला. झावळ्या गळून नुसता खांब उरला होता, तोही कौलांकडे कललेला. त्याच कौलांखाली माझे वडील अर्धांगवायूने दोन वर्षं खाटेवर पडून होते. मी रोज अलिबागला कचेरीत जाऊन-येऊन, त्यामुळे रविवारचीच सवड. पहिल्या रविवारी बाळाराम आला आणि कोयत्याच्या पाठीने बुंधा ठोकत बराच वेळ नुसता ऐकत राहिला. मी म्हटलं, वर चढून तुकडे काढ, कौलं वाचतील.

"मेल्या माडावं चढनारा बी मेलाच," तो म्हणाला.

आतून त्याचा भुसा झालेला असतो, म्हणे, वजन पडलं की मधेच मोडतो. शेजारच्या जिवंत माडावर चढून काठीने याच्या गळ्यात दोराचा फास अडकवायचा आणि मोकळ्या बाजूला ओढून पाडायचा. इथवर ठीक होतं. मग म्हणाला, म्हाताऱ्याला खाटेसकट बाहेर काढा, पार रस्त्यापर्यंत. मी साफ नाही म्हटलं. बाबांना जरा हलवलं तरी ते कण्हायचे. आणि माड पडणार दुसऱ्या बाजूला, मग आतल्या माणसाला कशाचं भय?

"दोर तुटला तं मी पलंन," बाळाराम म्हणाला. "तो कसा पलंल?"

कोयता काखेत मारून तो चालता झाला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. हा माणूस भाव खातो, असं मी आळीभर सांगितलं. दुसरा गडी आणला, तर तो म्हणे, बाळारामने सोडलेल्या झाडाला मी हात लावत नाही. इकडे वारा सुटला की माड करकरायचा आणि माझी झोप उडायची. तिसऱ्या रविवारी मी नाक मुठीत धरून कबूल झालो.

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ आत जाऊन खाटेशी उकिडवा बसला. "नाना, माड कोनी लावला?" बाबांनी चांगला हात छातीवर ठेवला. "पाडू?" बाबांनी मान डोलावली. माझ्या घरात, माझ्यादेखत, मला न विचारता हे सगळं ठरलं.

चौघांनी खाट उचलून रस्त्याकडेच्या जांभळाखाली, कुंपणालगत ठेवली. दुपारचा खारा वारा सुटायच्या आत त्याने पडायच्या बाजूला खाच घेतली, मागून घाव घातले आणि फास अडकवलेला दोर चौघांना ओढायला लावला. माड सांगितल्या जागी पडला. एक कौल फुटलं नाही. बघ, उगाच हलवलंस त्यांना, मी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. तो दोर गुंडाळत राहिला.

खाट परत उचलायला गेलो, तर बाबांनी कुंपणाचा खांब घट्ट धरला होता. वर पानांकडे बघत ते म्हणाले, "आत नको." दोन वर्षांत त्यांच्या तोंडून इतकं स्पष्ट मी काही ऐकलं नव्हतं.

"कदी इचारलंस का त्याला?" बाळारामने मला विचारलं.

मी त्याला वाडीबाहेर व्हायला सांगितलं. तो गेला, आणि आम्ही पुन्हा बोललो नाही. यंदा तापाचं निमित्त होऊन तो वारला, तेव्हा मी त्याच्या दहाव्यालाही गेलो नाही.

बाबा त्यानंतर आठ महिने होते. रोज सकाळी शेजाऱ्यांना हाक मारून मी खाट जांभळाखाली न्यायचो. उचलताना ते कण्हायचे, पण नको कधी म्हणाले नाहीत. आणि रोज खाट उचलताना मला बाळारामचा राग यायचा. तो अजून गेलेला नाही. बाबांना विचारायला मला दोन वर्षं होती.